तळ्याला विचारून वाण निवडा

सूक्ष्मशैवालापासून बायोडिझेल बनवण्याचा विषय निघाला की काही आकडे हमखास पुढे येतात. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले संशोधक युसुफ चिस्ती यांनी २००७ मध्ये एका लेखात तेलपिकांची तुलना मांडली होती. एका हेक्टरमधून वर्षाला सोयाबीन ४४६ लिटर तेल देते, जट्रोफा १,८९२ लिटर आणि पाम ५,९५० लिटर. सूक्ष्मशैवालाच्या सुक्या वजनात ३० टक्के तेल धरले तर हा आकडा ५८,७०० लिटरवर जातो आणि ७० टक्के धरले तर १,३६,९०० लिटरवर. जगभरच्या अनेक प्रकल्प-प्रस्तावांची सुरुवात या तक्त्याने झाली. तक्त्यात चूक नाही. पण त्यामागे एक गृहीतक आहे आणि ते गणित करून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

५८,७०० लिटर म्हणजे साधारण ५३ टन तेल. तेवढ्यासाठी हेक्टरी सुमारे १७५ टन सुके शैवाल पिकायला हवे. वर्षाच्या ३६५ दिवसांनी आणि हेक्टरच्या दहा हजार चौरस मीटरनी भागले की प्रत्येक चौरस मीटरला रोज ४८ ग्रॅम हा दर मिळतो. हा दर पावसाळ्यात, कडाक्याच्या थंडीत आणि ढगाळ दिवसांतही टिकायला हवा. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात रॉझवेल येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस हजार चौरस मीटरच्या उघड्या तळ्यांत शैवाल वाढवून पाहिले गेले. तिथे मोजक्या उत्तम दिवसांत ५० ग्रॅमपर्यंत मजल गेली, पण थंड रात्रींमुळे सरासरी १० ग्रॅमच्या आसपास राहिली. सर्वोत्तम दिवस आणि वर्षाची सरासरी यांतले हे अंतर पाचपटीचे आहे, आणि बायोडिझेलसाठी शैवालाचा वाण निवडण्याचा सगळा प्रश्न त्या अंतरात आहे.

गेली अनेक दशके आपण या निवडीत आधी विचारायचा प्रश्न शेवटी विचारत आलो आहोत, असे माझे ठाम मत आहे. प्रयोगशाळेत पहिला प्रश्न असतो, ‘सर्वांत जास्त तेल कोणात आहे?’ तो वाण हाती आला की तो तळ्यात कसा जगेल, पाण्यातून कसा काढता येईल, त्याच्या तेलाचे डिझेल कसे होईल, याची शोधाशोध सुरू होते. क्रम याच्या उलट हवा. आधी जागा, पाणी आणि हवामान ठरवावे, मग तिथे वर्षभर टिकणारे आणि स्वस्तात गोळा करता येणारे वाण शोधावेत, आणि तेलाची टक्केवारी त्या टिकलेल्यांमध्ये पाहावी.

याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेच्याच प्रयत्नात आहे. तेलसंकटाच्या काळात, १९७८ मध्ये, तिथल्या ऊर्जा विभागाने ‘ॲक्वाटिक स्पीशीज प्रोग्राम’ सुरू केला आणि तो १९९६ पर्यंत चालला. कोलोरॅडोतल्या गोल्डन येथील सौरऊर्जा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खारी सरोवरे, मचूळ डबकी आणि समुद्रकिनारे पालथे घालून तीन हजारांहून अधिक वाण गोळा केले. ते चाळून सुमारे तीनशे निवडले गेले. त्यांत मुख्यतः डायाटम, म्हणजे सिलिकेचे कवच असलेली शैवाले, आणि हिरवी शैवाले होती. अठरा वर्षांत अडीच कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला. १९९८ मध्ये समारोपाचा अहवाल आला आणि आजही या क्षेत्रात उतरणाऱ्याने तो पहिल्यांदा वाचावा, इतका तो प्रामाणिक आहे. प्रयोगशाळेत उजवे ठरलेले वाण उघड्या तळ्यात टिकले नाहीत, हे त्याने स्पष्ट नोंदवले आहे. तळ्यात एकच जात सातत्याने वाढवायची असेल, तर त्या परिसरातल्या आगंतुक शैवालाला तळ्याचा ताबा घेऊ देणे हाच सर्वांत यशस्वी मार्ग ठरला, असेही तो सांगतो. चाळणीतून निवडलेले वाण हरले आणि वाऱ्यापाण्याबरोबर आलेले स्थानिक शैवाल जिंकले, याहून स्पष्ट धडा कोणता असू शकतो?

असे का होते, हे समजायला शैवाल तेल का साठवते ते पाहायला हवे. भरपूर नायट्रोजन, फॉस्फरस आणि प्रकाश मिळाला की पेशी प्रथिने बनवते आणि विभागत जाते. नायट्रोजन संपला की प्रथिने बनणे थांबते, पण प्रकाशसंश्लेषण काही काळ चालू राहते. हाती आलेला कार्बन खर्च करायला जागा नसते, म्हणून पेशी तो चरबीच्या थेंबांत साठवते. डायाटममध्ये सिलिकेचा पुरवठा तोडला तरी असेच घडते. म्हणून शोधनिबंधात एखाद्या वाणात ५० किंवा ६० टक्के तेल दिसते तेव्हा ते बहुतेक वेळा उपाशी ठेवलेल्या, वाढ खुंटलेल्या पेशींचे असते. अमेरिकी संशोधकांनी हे काळजीपूर्वक मोजले होते. उपासमारीने प्रत्येक पेशीतले तेल वाढले, पण एकूण उत्पादन घटल्यामुळे तळ्यातून मिळणारे तेल वाढले नाही.

हिशेब साधा आहे. रोज चौरस मीटरला ५ ग्रॅम वाढणारे ५० टक्के तेलाचे शैवाल अडीच ग्रॅम तेल देते, तर २० ग्रॅम वाढणारे २० टक्के तेलाचे शैवाल चार ग्रॅम देते. टक्केवारीत पहिले पुढे आहे आणि तेलात दुसरे. तरीही वाणांची तुलना टक्केवारीवर होते, कारण ती बाटलीत, आठ-पंधरा दिवसांत मोजता येते. वर्षभराचे क्षेत्रीय उत्पादन मोजायला तळे लागते, माणसे लागतात आणि चार ऋतू थांबण्याची तयारी लागते.

टक्केवारीचा आकडाही वाटतो तितका सरळ नसतो. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलने पेशीतला सगळा स्निग्ध भाग काढून वजन केले की त्यात पेशीपटलांतली फॉस्फोलिपिडे, हरितलवकांतली ग्लायकोलिपिडे आणि हिरवे रंगद्रव्य हे सगळेच येते. डिझेलसाठी हवे असते ते मुख्यतः ट्रायग्लिसराइड, म्हणजे पेशीने साठवलेली चरबी. नाइल रेड या रंगाने तिचे थेंब सोनेरी-पिवळे चमकतात, त्यामुळे हजारो पेशींतून स्निग्ध पेशी वेगळ्या काढण्यासाठी हे साधन उपयोगी पडते. पण ‘एकूण लिपिड’ आणि ‘ट्रायग्लिसराइड’ यांतला फरक न सांगता दिलेला आकडा निवडीच्या कामाचा नाही.

शिवाय तेल कोणते, हा प्रश्नही आहे. बायोडिझेल म्हणजे मिथेनॉलशी जोडलेली मेदाम्ले. त्यांत दुहेरी बंध जास्त असले की इंधन हवेत लवकर बिघडते, चिकट होते. युरोपचे बायोडिझेलचे मानक चार किंवा अधिक दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांना फक्त एक टक्का मुभा देते. नॅनोक्लोरोप्सिस आणि फिओडॅक्टिलम ही लाडकी समुद्री शैवाले मात्र पाच दुहेरी बंधांचे ईपीए हे मेदाम्ल बनवतात. माणसाच्या आहारात ते मोलाचे, टाकीत मात्र त्रासाचे. उलट संतृप्त मेदाम्ले जास्त असली तर थंडीत इंधन गोठते. हा दोष युरोपात मोठा, पण कोकण किनाऱ्यावर फारसा जाणवणार नाही. म्हणजे चांगले तेल कोणते हेही जागेवरच ठरते.

बॉट्रिओकॉकस ब्राउनाय या शैवालाची गोष्ट इथे सांगायला हवी. सुक्या वजनाच्या २५ ते ७५ टक्के इतके तेलकट द्रव्य, तेही बरेचसे पेशींच्या बाहेर साचलेले, म्हणून अनेक याद्यांत ते अग्रस्थानी असते. पण ते द्रव्य मुख्यतः हायड्रोकार्बनांचे असते. मिथेनॉलबरोबरच्या नेहमीच्या क्रियेने त्याचे बायोडिझेल होत नाही, त्याला तेलशुद्धीकरणासारखी प्रक्रिया लागते. शिवाय क्लोरेला काही तासांत दुप्पट होते, तिथे याला अनेक दिवस लागतात. संशोधनासाठी हा अद्भुत जीव आहे, पण बायोडिझेलच्या यादीत तो पहिला येऊ नये.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा उत्क्रांतीचा आहे. प्रयोगशाळेतली निवड एकदा होते आणि संपते. उघड्या तळ्यातली निवड कधीच संपत नाही. रोज दुप्पट होणारा आपला वाण आणि त्याहून फक्त दहा टक्के वेगाने विभागणारा प्रतिस्पर्धी यांची बरोबरीने सुरुवात झाली, तर महिन्याभरात प्रतिस्पर्धी आठपट होतो आणि शंभर दिवसांत हजारपटीवर जातो. तेल साठवणे म्हणजे विभाजनात खर्च होऊ शकणारी ऊर्जा बाजूला ठेवणे. त्यामुळे जो गुण आपण निवडतो, त्याच गुणाविरुद्ध तळे रोज निवड करत असते. यात भर म्हणून शैवाल खाणारे रोटिफर आणि सिलिएट, पेशींत घुसणाऱ्या कायट्रिड बुरशी, आणि क्लोरेलाला चिकटून तिला शोषून घेणारा व्हँपिरोव्हिब्रिओ हा जिवाणू. चांगले वाढलेले तळे दोन-तीन दिवसांत फिके पडू शकते.

म्हणूनच व्यापारी प्रमाणावर उघड्या पाण्यात आजवर टिकलेली शैवाले कोणती, ते पाहण्यासारखे आहे. स्पिरुलिना अत्यंत अल्कधर्मी पाण्यात वाढते आणि ड्युनालिएला अतिखाऱ्या पाण्यात, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हट लगूनसारख्या ठिकाणी. हे पाणीच इतके कठोर असते की शत्रू आणि स्पर्धक तिथे फारसे फिरकत नाहीत. त्यांची निवड तेलासाठी झाली नाही, त्यांच्या पाण्याने ती केली.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण निवडला गेला. त्यानंतर संकरित ज्वारी आली, खरिपात तिने उत्पादनाचे उच्चांक गाठले. पण रब्बीत, साठलेल्या ओलीवर, शेवटच्या पावसानंतर महिनोन्महिने तग धरणारी, भाकरीला आणि कडब्याला दोन्हीला चांगली अशी मालदांडी आजही सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात उभी असते. तिचा कस त्या रानात लागला होता. शैवालाच्या वाणाचा कसही तळ्यातच लागायला हवा.

तळ्यातून काढणे ही दुसरी कसोटी. उघड्या तळ्यात एका लिटर पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम सुके शैवाल असते. म्हणजे एक किलोसाठी दोन हजार लिटर पाणी हाताळावे लागते. नॅनोक्लोरोप्सिसची पेशी दोन-चार मायक्रोमीटरची असते. ती आपोआप खाली बसत नाही आणि फडक्यातून निसटते, म्हणून सेंट्रिफ्यूज लागतो आणि त्याला वीज लागते. स्पिरुलिनाचे तंतू मात्र जाळीवर सहज अडकतात. पेशी फोडण्याचेही तेच. नॅनोक्लोरोप्सिसची भिंत अत्यंत चिवट, ड्युनालिएलाला कडक भिंतच नाही. मिळणाऱ्या तेलातली ऊर्जा काढणीत आणि वाळवण्यात संपणार असेल, तर ६० टक्के तेलाचा वाण घेऊन काय करायचे? पंप थांबवल्यावर तासाभरात तळाशी बसतो का, ही कसोटी पहिल्या चाळणीतच हवी. ती स्वस्त आहे, काचेच्या उंच नळकांड्यात होते, आणि तरीही बहुतेक शोधनिबंधांत ती दिसत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. निसर्गातले वाण कशाला शोधायचे, जनुकीय अभियांत्रिकीने हवा तो वाण घडवता येईल, असे अनेक जाणकार मानतात. या बाजूला खरे यश आहे. तेलकंपनी एक्सॉनमोबिल आणि जैवतंत्रज्ञान कंपनी सिंथेटिक जीनोमिक्स यांनी २००९ मध्ये साठ कोटी डॉलरपर्यंतच्या सहकार्याची घोषणा केली. २०१७ मध्ये सिंथेटिक जीनोमिक्सच्या शास्त्रज्ञांनी नॅनोक्लोरोप्सिस गॅडिटानामधल्या एका नियामक जनुकाचा प्रभाव कमी करून तेल सुमारे २० वरून ४० टक्क्यांवर नेले, आणि तेही वाढ फारशी न खुंटवता. उपासमारीचा पेच सोडवणारे हे संशोधन थोर आहे, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण २०२३ च्या सुरुवातीला एक्सॉनमोबिल या कामातून बाहेर पडली. एका जनुकाने तेल दुप्पट होते, पण त्याने रोटिफरना अडवता येत नाही, काढणी स्वस्त होत नाही आणि जानेवारीतली थंड रात्रही ऊबदार होत नाही. अभियांत्रिकीचा मी विरोधक नाही. ती कोणत्या जीवावर करायची, एवढाच माझा प्रश्न आहे. तळ्यात आधीच टिकून दाखवलेल्या स्थानिक शैवालावर ती केली, तर तिच्या यशाची शक्यता वाढेल. बंद नळ्यांच्या यंत्रांत शुद्ध वाण वाढवता येतो हेही खरे, पण ती यंत्रे इतकी महाग पडतात की औषधी द्रव्यांना परवडतील, इंधनाला नाही.

आता भारताकडे वळू. जैवइंधनात आपण एक मोठा धडा आधीच घेतला आहे. २००३ च्या सुमारास नियोजन आयोगाने जट्रोफाचा मोठा कार्यक्रम सुचवला आणि २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. लक्ष्य गाठले गेले नाही. यामागे किंमत, जमीन, बाजार अशी अनेक कारणे होती, पण एक कारण निवडीचे होते. पारखून घेतलेले वाण हाती नसताना, जंगली झुडपाच्या बियांवर, पडीक जमिनीतून भरपूर उत्पादनाची आश्वासने दिली गेली. झुडूप पडीक जमिनीत जगले, पण पाण्याखतावाचून त्याने बी फार दिले नाही. ज्या शेतकऱ्यांनी विश्वासाने रोपे लावली त्यांची वर्षे गेली. शैवालाच्या बाबतीत ही चूक पुन्हा होऊ द्यायची नसेल, तर प्रकल्पाआधी वाण आणि वाणाआधी जागा हा क्रम पाळावाच लागेल.

२०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले आहे. देशाचा डिझेलचा वार्षिक खप नऊ कोटी टनांच्या आसपास आहे, म्हणजे ४५ लाख टन बायोडिझेल. चौरस मीटरला रोज २० ग्रॅम आणि २५ टक्के तेल असा आशावादी दर धरला, तर हेक्टरी १८ टन तेल मिळेल आणि एकट्या शैवालावर हे लक्ष्य गाठायला अडीच लाख हेक्टर तळी लागतील. त्यातून वर्षाला सुमारे १.८ कोटी टन शैवाल निघेल. शैवालात सहा-सात टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे दरवर्षी ११-१३ लाख टन नायट्रोजन. शेतीला जाणाऱ्या खतातून तो काढायचा का? नक्कीच नाही. म्हणून सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस उचलण्याची क्षमता ही भारतात वाणाची आवश्यक कसोटी आहे. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकापासून शैवालाच्या तळ्यांतून सांडपाणी शुद्ध करण्याचे तंत्र उभे केले. तिथे पाणी स्वच्छ करणे हे मुख्य काम आणि शैवाल हे त्याचे फळ. आपल्या शहरांच्या आणि गावांच्या सांडपाण्याकडे पाहता इंधनाचा हाच मार्ग मला सर्वांत खरा वाटतो. तेल थोडे मिळाले तरी नदी वाचते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर एक वाण साऱ्या राज्याला पुरणार नाही. कोकणातल्या मिठागरांत ड्युनालिएलासारखी खारी शैवाले शोधता येतील, पण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पाण्याचा खारेपणा उतरतो आणि त्यांचे संरक्षणच जाते. तिथे चार महिन्यांसाठी गोड्या किंवा मचूळ पाण्यातल्या दुसऱ्या वाणाची जोड लागेल. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो. तिथे थंड समुद्रातून आलेले वाण कोमेजतील, आणि ४० अंशांच्या आसपासही वाढणाऱ्या क्लोरेला सोरोकिनियानासारख्यांना संधी मिळेल. साखर कारखान्यांच्या आसवन्यांत किण्वनातून जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो शैवालाला उत्तम, पण तिथले गडद तपकिरी सांडपाणी प्रकाश अडवते, म्हणून ते विरळ करून कमी प्रकाशात वाढणारा वाण लागेल. लोणार सरोवराचे अल्कधर्मी पाणी अभयारण्यात आणि रामसर यादीत आहे. तिथे तळी खणायची नाहीत, पण परवानगीने घेतलेल्या नमुन्यातले वाण अभ्यासण्याजोगे आहेत. त्यातून उद्या काही मोलाचे निघाले तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे स्थानिकांचा वाटा त्यांना मिळालाच पाहिजे.

यासाठी मला चार गोष्टी हव्या आहेत. वाणाची शिफारस करणाऱ्या प्रत्येक संशोधनाने तेलाच्या टक्केवारीबरोबर चौरस मीटरमागे वर्षभराचे ट्रायग्लिसराइडचे उत्पादन द्यावे, आणि ते उघड्या तळ्यातले असावे. सार्वजनिक निधी मागणाऱ्या प्रकल्पाने किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याच जागी काढलेला असावा. तळे का कोसळले याच्या नोंदी यशाच्या नोंदींइतक्याच आदराने छापल्या जाव्यात, कारण पुढच्याला त्यांचाच उपयोग जास्त होतो. आणि वाणांचे जिवंत संग्रह निधीच्या लहरीवर सोडू नयेत. दर काही आठवड्यांनी ताज्या माध्यमात हलवल्याशिवाय किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवल्याशिवाय शैवाल टिकत नाही. एक अनुदान थांबले की वर्षांची मेहनत एका मोसमात मरते. एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर परिसरातले डायाटम सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून नोंदवले होते. आपल्या पाण्यात काय आहे हे जाणून घेण्याची ती शिस्त आपल्या विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत अजून आहे, तिला काम आणि पैसा द्यायला हवा.

शैवालाचे डिझेल उद्या खनिज डिझेलची जागा घेईल असे मी म्हणणार नाही. आजच्या खर्चात ते एकट्या इंधनावर परवडत नाही. पण सांडपाणी शुद्धीकरण, खत, पशुखाद्य आणि इंधन यांची एकत्र मांडणी केली, तर काही ठिकाणी त्याचा हिशेब बसू शकतो, आणि तो कुठे बसेल हे त्या त्या ठिकाणच्या शैवालावर अवलंबून आहे. म्हणून प्रत्येक जिल्ह्याच्या सांडपाणी केंद्राशेजारी एक छोटे प्रायोगिक तळे असावे, जवळच्या महाविद्यालयाने त्यात काय उगवते, काय टिकते आणि काय मरते याची वर्षभर नोंद ठेवावी. दहा वर्षांत आपल्याकडे जगात कुठेच नसलेली, उष्ण आणि मोसमी पावसाच्या प्रदेशातल्या शैवालांची पारखलेली यादी तयार होईल. ते काम कोणत्याही परदेशी बाटलीतल्या वाणापेक्षा जास्त काळ उपयोगी पडेल, आणि ते सुरू करायला फार मोठे भांडवल लागत नाही, धीर लागतो.